पोटाचा घेर: पुरुषांनी तो कसा मोजावा, त्यातून काय समजावं आणि तो कसा उतरवावा

पोट सुटलेल्या पुरुषाची पँट सहसा मोठी होत नाही, ती खाली सरकते. बेंबीच्या आसपास बसणारा पट्टा वर्षागणिक ढेरीखाली उतरत जातो, आणि तिथला घेर फारसा वाढलेलाच नसतो. ‘माझी कंबर अजून ३४ च आहे’ असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याची मोजायची जागा चुकलेली असते. मीही कित्येक वर्षं ३४ चीच पँट घेत होतो. पहिल्यांदा नीट टेप लावली तेव्हा आकडा आला ९९ सेंटिमीटर, म्हणजे ३९ इंच. म्हणून इथे आहाराचं आणि व्यायामाचं नंतर बोलू. आधी टेप काढा.

मोजायचं कसं

शिंप्याकडे असते तशी, न ताणणारी टेप घ्या. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, शर्ट काढून आरशासमोर उभे राहा. पाय जवळ, हात मोकळे. कुशीत बोटं फिरवून सर्वांत खालची बरगडी शोधा. मग खाली कंबरेच्या हाडाची वरची कड शोधा. या दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करा आणि टेप त्या उंचीवरून पुढून-मागून सारखी आडवी फिरवा. पाठीमागे ती खाली घसरते, ते आरशात तपासा. पोट आत ओढू नका. नेहमीसारखा श्वास सोडा आणि तो सुटून झाला की आकडा वाचा. टेप त्वचेला टेकलेली असावी, रुतलेली नसावी. दोनदा मोजा.

बेंबीवरून मोजायचा मोह होतो, पण ढेरी लोंबायला लागली की बेंबीही खाली येते. हाडं जागची हलत नाहीत, म्हणून खूण हाडांची.

आता आकड्याचा अर्थ. सगळ्यांत सोपा नियम असा की घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा. उंची १७० सेंमी असेल तर घेर ८५ च्या आत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक सूचना देणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये हेच प्रमाण सुचवलं: घेर भागिले उंची ०.५ ते ०.५९ आलं तर धोका वाढलेला, ०.६ किंवा जास्त आलं तर बराच वाढलेला. नुसत्या घेराच्या मर्यादाही आहेत. युरोपीय वंशाच्या पुरुषांत ९४ सेंमीपासून धोका वाढतो आणि १०२ नंतर तो मोठा मानतात. दक्षिण आशियाई आणि चिनी पुरुषांसाठी इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशनने मर्यादा ९० सेंमीवर ठेवली आहे, कारण त्यांच्यात कमी वजनावरच मधुमेह आणि हृदयविकार दिसू लागतात.

बीएमआयचं काय? तो उंचीच्या मानाने वजन किती ते सांगतो, चरबीचा पत्ता सांगत नाही. हातपाय बारीक आणि पोट पुढे असलेल्या माणसाचा बीएमआय अगदी ठीक येऊ शकतो, आणि नेमका तोच माणूस निर्धास्त राहतो. इंटरहार्ट या ५२ देशांतल्या सुमारे २७ हजार लोकांच्या अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्याशी बीएमआयपेक्षा कंबर आणि नितंब यांच्या घेरांच्या गुणोत्तराचं नातं जास्त घट्ट निघालं.

पोटातलीच चरबी का घातक?

पोटाची चिमूट धरून पाहा. चिमटीत येते ती त्वचेखालची चरबी. दुसरी चरबी पोटाच्या स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती आणि आतड्यांवर पदरासारख्या पसरलेल्या पडद्यात (याला वपा म्हणतात) साठते. ही चिमटीत येत नाही. ती आतून स्नायूंना पुढे रेटते. म्हणून काहींची ढेरी मऊ लोंबती नसते, फुगीर आणि घट्ट असते. बरेच पुरुष ती घट्ट ढेरी ताकदीची खूण समजतात. तसं नसतं.

घातकपणा तिच्या जागेत आहे. आतड्यांभोवतालचं बरंचसं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून थेट यकृतात जातं. आतली चरबी सतत विरघळत आणि साठत असते, आणि तिच्यातून सुटलेली मेदाम्लं या वाटेने यकृतावर येऊन पडतात. यकृत ती साठवायला लागतं. चरबीने भरलेलं यकृत इन्शुलिनचं ऐकेनासं होतं आणि नको असतानाही रक्तात साखर सोडत राहतं. मग स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन बनवावं लागतं. यकृत जादा चरबी ट्रायग्लिसराइड्सच्या (रक्तातून फिरणाऱ्या चरबीच्या) रूपात बाहेर पाठवतं, त्यातली थोडी स्वादुपिंडातही जाऊन बसते आणि वर्षानुवर्षं ताणलेल्या त्या ग्रंथीचा जोर आणखी कमी होतो. टाइप २ मधुमेह हा असा पोटाच्या वाटेने येतो. शिवाय या चरबीतून सूज वाढवणारी रसायनं पाझरतात आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्याची झळ लागते.

२००४ मध्ये एक बोलका प्रयोग प्रसिद्ध झाला. लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची नऊ-दहा किलो चरबी लायपोसक्शनने (नळीने शोषून) काढली. काही आठवड्यांनी तपासलं तर इन्शुलिन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत काहीही सुधारणा नव्हती. काढली होती ती त्वचेखालची, आतली तशीच होती.

शरीराच्या वरच्या भागात चरबी साठणारे लोक मधुमेहाला आणि हृदयविकाराला जास्त बळी पडतात, हे फ्रान्समधल्या मार्सेयच्या झाँ व्हाग या डॉक्टरांनी १९४७ मध्येच मांडलं होतं. पुरुषी ठेवण आणि स्त्रीची ठेवण असा भेद त्यांनी केला. पाळी सुरू असेपर्यंत स्त्रियांची चरबी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे मांड्या-नितंबांकडे वळते, पुरुषाची पोटाकडे जाते. मात्र ‘चाळिशीनंतर चयापचय मंदावतो, मी काय करणार’ ही समजूत सोडून द्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६,४०० हून अधिक लोकांच्या मोजणीत वयाच्या २० पासून ६० पर्यंत चयापचय, शरीराच्या आकाराचा हिशेब धरल्यावर, जवळजवळ स्थिर निघाला. बदलतं ते चालणं, झोप, पिणं आणि स्नायूंचं प्रमाण.

आणखी काय काय होतं

हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह आणि फॅटी लिव्हर ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. पुरुष सहसा डॉक्टरांना सांगत नाहीत अशा दोन गोष्टींवर मला थोडं थांबायचं आहे.

पहिली झोप. घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. मान आणि पोट जाड झालं की झोपेत घशातली श्वासाची वाट वारंवार मिटते, श्वास काही सेकंद थांबतो, मेंदू दचकून जागा करतो, आणि हे रात्रभर चालतं. सकाळी डोकं जड, दुपारी गाडी चालवताना पेंग, औषध घेऊनही न उतरणारा रक्तदाब. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. स्वतःला यातलं काही आठवत नाही, म्हणून बायकोला किंवा खोलीतल्या माणसाला विचारा: ‘माझा श्वास मध्येच थांबतो का?’ उत्तर हो असेल, किंवा गळ्याचा घेर ४० सेंमीच्या वर असेल आणि दिवसा पेंग येत असेल, तर झोपेची तपासणी करून घ्या. हे लांबणीवर टाकू नका.

दुसरी गोष्ट लैंगिक आरोग्याची. चरबीच्या पेशींतलं एक विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं. टेस्टोस्टेरॉन घटलं की स्नायू घटतात आणि पोट आणखी वाढतं. ताठरता कमी होणं हे बऱ्याचदा वय किंवा ताण म्हणून दडवलं जातं. पण लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे त्या आधी कुरकुरतात. हृदयाचा त्रास दिसण्याच्या काही वर्षं आधी मिळालेली ही सूचना असू शकते. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आणि कोणाच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेऊ नका, त्याने शुक्राणू तयार होणं थांबू शकतं. वजन उतरलं की बऱ्याच जणांची पातळी आपोआप सुधारते.

याखेरीज मोठ्या आतड्याचा, मूत्रपिंडाचा आणि यकृताचा कॅन्सर, गाउट (सांधे सुजवणारा आजार) आणि छातीतली जळजळ यांचंही वाढत्या चरबीशी नातं आहे.

ढेरी चरबीचीच आहे ना?

सकाळी सपाट आणि संध्याकाळी फुगणारं पोट बहुधा गॅसचं असतं. पण हातपाय वाळत असताना पोट मात्र काही आठवड्यांत भरभर मोठं झालं, पाय सुजले, डोळे पिवळे झाले, तर पोटात पाणी झालेलं असू शकतं आणि त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायला हवा. चेहरा गोल होणं, पोटावर रुंद जांभळट पट्टे उमटणं, साध्या धक्क्याने काळंनिळं पडणं ही स्टेरॉइडचं प्रमाण वाढल्याची लक्षणं असतात. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ गोळ्या चालू असतील तर ते आवर्जून सांगा. काही मानसोपचाराच्या औषधांनीही घेर वाढतो. ती स्वतःहून बंद करायची नाहीत, पर्याय विचारायचा.

तपासण्या

घेर मर्यादेबाहेर असेल तर एवढ्या करून घ्या: रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) आणि यकृताच्या चाचण्या. पुढच्या पाचांपैकी तीन गोष्टी आढळल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात: वाढलेला घेर, ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा जास्त, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त, उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. प्रत्येक आकडा एकेकटा ‘थोडासाच’ वाढलेला दिसतो आणि तिथेच फसगत होते. तिन्ही एकत्र आले की ते थोडेसे राहत नाहीत. आणखी एक लक्षात ठेवा: यकृताच्या चाचण्या नॉर्मल आल्या तरी फॅटी लिव्हर असू शकतं.

इथे एक दिलासा आहे, आणि हा लेख लिहायचं मुख्य कारणही तेच. आतली चरबी जितकी घातक, तितकीच ती लवकर हलते. वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी आतली चरबी आणि यकृतातली चरबी त्या मानाने कितीतरी जास्त घटते. अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमने २००२ मध्ये दाखवलं की ७ टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल करायची, एवढ्या उद्दिष्टाने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ९० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साधारण सहा किलो. कॉलेजातला बांधा परत आणायला कोणी सांगत नाहीये.

सुरुवात ग्लासापासून

पहिला आठवडा काही बदलू नका, तोंडात गेलेलं सगळं लिहा. चव पाहिलेला घास आणि मुलांच्या ताटातलं उरलेलंही. बहुतेक पुरुषांच्या वहीत सर्वांत आधी खटकतं ते प्यायलेलं.

३३० मिलिलिटरच्या गोड शीतपेयात साधारण ३५ ग्रॅम साखर, म्हणजे १४० कॅलरी. तेवढ्याच बिअरमध्येही जवळपास तितक्याच. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. रोज एक कॅन धरला तर वर्षाला कागदावर सहा किलोंहून जास्त होतात. शरीर थोडीफार भरपाई करतं, म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी येतो, पण दिशा तीच. प्यायलेल्या कॅलरींनी पोट भरत नाही, जेवण तेवढंच जातं.

दारूचा हिशेब आणखी वेगळा आहे. एका ग्रॅमला ७ कॅलरी तर आहेतच, पण दारू शरीरात साठवता येत नाही. यकृत आधी तिची विल्हेवाट लावतं आणि तोवर चरबी जाळणं मागे पडतं. सोबतचं खारं-तळलेलं तेवढ्यात साठून जातं. फॅटी लिव्हर असेल तर बंदच करा. नसेल तर निदान तीन महिने थांबवून घेर मोजा. रोज बरीच पिण्याची सवय असेल तर मात्र एकदम तोडू नका. हातापायांना कंप आणि झटके येऊ शकतात, डॉक्टरांच्या मदतीने सोडा.

मग ताट

अर्धं ताट भाज्यांचं, पाव प्रथिनांचं, पाव धान्याचं. प्रथिनं म्हणजे डाळी, कडधान्यं, अंडी, मासे, चिकन, दही. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे असतील तर इष्ट वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं हवीत. ती तीन जेवणांत वाटली की भूकही आवरते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. तंतूंसाठी जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान २५ ग्रॅम सांगते. भाज्या, सालीसकट फळं, अख्खी धान्यं आणि कडधान्यं यांतून ते मिळतात.

पाकिटातल्या तयार पदार्थांबद्दल एक प्रयोग सांगतो. केव्हिन हॉल या अमेरिकी संशोधकाच्या गटाने २०१९ मध्ये २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. वाढलेल्या ताटातली साखर, चरबी, मीठ आणि तंतू जुळवलेले होते, हवं तेवढं खायची मुभा होती. पाकीटबंद अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात गेली आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलोने वाढली. म्हणजे ‘मला संयम नाही’ म्हणून स्वतःला दोष देण्याआधी घरातलं कपाट बदला. जे घरात नाही ते रात्री अकरा वाजता खाल्लं जात नाही.

दिवसाला साधारण ५०० कॅलरी कमी होतील इतकाच बदल पुरे. ठरावीक तासांतच खाण्याची पद्धत चालेल, पण तिने एकूण खाणं कमी झालं तरच उपयोग. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डोस ठरवून घ्या, नाहीतर साखर अचानक खाली येते. रक्तदाबाच्या औषधांचंही तेच.

व्यायाम: पोटाचा नव्हे, अंगाचा

पोटाच्या उठाबशांनी पोटाचे स्नायू मजबूत होतात, वरची किंवा आतली चरबी त्या जागेवरून उतरत नाही. टेनिसपटूंचा खेळणारा हात दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त राबतो, तरी दोन्ही हातांच्या त्वचेखालची चरबी सारखीच भरते.

पहिले चार आठवडे फक्त चाला. आज जेवढं चालता त्यात दहा मिनिटं वाढवा, दर आठवड्याला आणखी पाच. वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. आठवड्याला १५० मिनिटांवर आलात की थांबू नका, ३०० पर्यंत फायदा वाढत जातो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर रक्तातली साखरही कमी चढते. गुडघे दुखत असतील तर पोहा किंवा सायकल चालवा. चालताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर तिथेच थांबा आणि लगेच वैद्यकीय मदत घ्या.

पाचव्या आठवड्यापासून आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम जोडा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, रबरी पट्टा छातीकडे ओढणं. प्रत्येकी आठ ते बारा वेळा, दोन फेऱ्या. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. सोपं वाटलं की भिंतीऐवजी टेबल, टेबलाऐवजी जमीन. जोर लावताना श्वास रोखू नका.

काट्यावरचा आकडा हलला नाही म्हणून इथे बरेच जण सोडून देतात. रॉबर्ट रॉस यांच्या गटाने २००० मध्ये लठ्ठ पुरुषांवर केलेल्या सुमारे तीन महिन्यांच्या अभ्यासात एका गटाने व्यायाम केला, पण वजन मुद्दाम तेवढंच राहील असं खाल्लं. वजन उतरलं नाही, पोटातली चरबी मात्र घटली. म्हणून टेप.

झोप सात तासांच्या खाली जाऊ देऊ नका. कमी झोपेत भूक वाढते आणि उतरणाऱ्या वजनात चरबीऐवजी स्नायूंचा वाटा वाढतो. ‘सिगारेटने बारीक राहतो’ हेही खरं नाही. वजन कमी दिसलं तरी धूम्रपान करणाऱ्यांच्या पोटात चरबी जास्त साठते.

आकडा अडला तर

महिन्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच खुणेवर मोजा. रोज मोजलात तर पाण्याचा आणि आतड्यांचा चढउतारच दिसेल. साधारण एक किलो उतरलं की एक सेंमी घेर जातो. दोन-तीन महिन्यांनी वेग मंदावतो, कारण हलक्या शरीराला अन्न कमी लागतं. तेव्हा पुन्हा आठवडाभर वही लिहा, बहुतेक वेळा घास परत वाढलेले सापडतात. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी रक्ताच्या तपासण्या पुन्हा करा. ट्रायग्लिसराइड्स आणि साखर घेराच्या आधी सुधारलेली दिसू शकते.

सहा महिने मनापासून करूनही फरक नसेल, किंवा मधुमेह, ॲप्निया आधीच असेल, तर डॉक्टरांशी औषधांबद्दल बोला. यात कमीपणा काही नाही. सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. पण औषध आणि सोबतचं मार्गदर्शन थांबल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. म्हणून ते सुरू करण्याआधीच विचारा: किती काळ घ्यायचं, थांबवायचं कसं, आणि मधल्या काळात स्नायू घटू नयेत म्हणून प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम किती. घेराची वही सोबत न्या.